देखणं लग्न, रोजचा संसार

भोंगवलीसारख्या गावात लग्न आहे? मग थर्माकोलचा महाल कशाला? दारात मांडव, केळीचे खांब, आंब्याच्या डहाळ्या, झेंडूची तोरणं. फोटो झकास येतात. नऊवारीला साधारण सव्वाआठ मीटर कापड लागतं. इरकल घेतलीत तर पुढे सणावारालाही नेसाल, भरजरी शालू कपाटातच पडून राहतो (हे सासूबाईंना सांगू नका!). रुखवतात बाहुल्यांपेक्षा लोखंडी तवा, खलबत्ता, पितळी डबे मांडा. पहिला स्वयंपाक त्यातच होईल.

विधीसाठी सत्यशोधक पद्धत बघा. सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह २५ डिसेंबर १८७३ रोजी झाला. त्या पद्धतीत वधू-वर एकमेकांना वचनं देतात, मराठीत, सगळ्यांना कळतील अशी. मला हे फार आवडतं. तुमच्या वचनांत भांडी कोण घासणार, तेही घाला.