पारदर्शक लेबलाची पांढरी बाजू

मोहाची दारू पहिल्या धारेला पाण्यासारखी निर्मळ असते. पिंपळनेरच्या पश्चिमेला, साक्री तालुक्यातल्या कोकणा आणि भिल्ल पाड्यांवर मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाखाली फुलांचा सडा पडतो आणि घरोघरच्या बायका टोपल्या घेऊन तो वेचतात. ही फुलं वाळवून खातात, विकतात, आणि त्यांची दारूही गाळतात. या दारूला बाजारात स्वतःचं नाव मात्र कधी मिळालं नाही. १८९२ च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहफुलं बाळगण्यावरच बंधनं घातली. पुढे १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही या फुलांवर नजर ठेवली. त्यामुळे मोहाची दारू कॅनमधून आणि फुग्यांमधून, अंधारात विकली जाणारी वस्तू झाली. अलीकडे हे बदलू लागलं आहे. महाराष्ट्राने २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरची आणि साठवण्यावरची बंधनं शिथिल केली. मध्य प्रदेशाने या दारूला ‘हेरिटेज’ मद्याचा दर्जा देऊन ती गाळण्याचं काम आदिवासी बचत गटांकडे सोपवलं, आणि त्यातलं एक केंद्र नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूर जिल्ह्यात उभं राहिलं. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने ‘सिक्स ब्रदर्स’ या नावाने मोहाची दारू उंची बाटलीत आणली. आज ना उद्या साक्री-नवापूरकडचा एखादा गटही परवाना मागेल, आणि तेव्हा बाटलीवर काय चिकटवायचं हा प्रश्न त्याच्याही समोर येईल. जिन, फेणी, मोह अशा रंगहीन दारूच्या छोट्या उत्पादकांना सध्या पारदर्शक लेबलाची ओढ आहे. ही ओढ समजण्यासारखी आहे. पण असं लेबल चांगलं की वाईट हे त्याच्या पारदर्शक भागावर ठरत नाही. ते ठरतं जिथून आरपार दिसत नाही त्या भागावर.

काचेवर कागद नको, नुसती अक्षरं हवीत, ही कल्पना जुनी आहे. सोड्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांवर भट्टीत भाजून पक्की केलेली रंगीत अक्षरं अनेकांनी पाहिली असतील. १९७९ मध्ये स्वीडनच्या ‘अ‍ॅब्सोल्यूट’ व्होडकाने जुन्या औषधाच्या बाटलीसारखी बाटली घेतली, तिच्यावर कागद न लावता थेट काचेवर मजकूर छापला, आणि उंची दारूची बाटली कशी दिसावी याचा जणू नवा दंडकच घालून दिला. मात्र काचेवर थेट छापायचं तर बाटल्या मोठ्या संख्येने घ्याव्या लागतात, आणि मजकुरातला एक शब्द बदलला तरी छापून ठेवलेला साठा वाया जातो. पारदर्शक फिल्मचं लेबल हे त्याला स्वस्त उत्तर आहे. ते पॉलिप्रॉपिलीनच्या किंवा पॉलिएस्टरच्या पातळ फिल्मवर छापतात. जळगावच्या चटया ज्या पॉलिप्रॉपिलीनच्या धाग्याने विणल्या जातात, तेच प्लास्टिक लांबीला आणि रुंदीला ताणलं की काचेसारखी स्वच्छ फिल्म तयार होते. तिच्या एका बाजूला शाई, दुसऱ्या बाजूला चिकट थर, आणि त्याखाली लावताना सोलून टाकायचा लायनर, एवढीच या लेबलाची रचना. हा लायनर कागदाचा असला तर कागदाचा खरबरीत पोत चिकट थरात उमटतो आणि काचेवर लेबल धुरकट दिसतं. म्हणून चांगल्या पारदर्शक लेबलाचा लायनरही पॉलिएस्टरचा, गुळगुळीत असतो. जो भाग सोलून फेकायचा, त्याच्यावरही जास्त पैसे घालावे लागतात.

खरं काम पांढऱ्या शाईचं. कागदावर छापताना पांढरा रंग फुकट मिळतो, कारण तो कागदाचाच असतो. छपाईच्या नेहमीच्या शाया जवळजवळ पारदर्शक असतात. खालचा पांढरा कागद प्रकाश परत पाठवतो म्हणून त्या उजळ दिसतात. त्याच शाया नितळ फिल्मवर थेट छापल्या तर लाल रंग मळकट होतो, पिवळा नाहीसाच होतो, आणि काळी अक्षरं बाटलीमागच्या फळीवर, हातावर, अंधारावर विरून जातात. म्हणून आधी टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या शाईचा थर द्यावा लागतो आणि त्यावर रंग चढवावे लागतात. छापखान्यात याला व्हाइट बेस म्हणतात. लवचीक ठशांच्या फ्लेक्सो यंत्रावर हा थर पातळ बसतो. स्क्रीन पद्धतीत जाळीतून शाई दाबून उतरवतात, त्यामुळे थर कितीतरी जाड आणि झाकणारा होतो. डिजिटल यंत्रावर पांढरा रंग दोन-तीनदा फिरवून तीच जाडी गाठावी लागते. छोट्या उत्पादकाला डिजिटल छपाई सोयीची, कारण तिला प्लेट लागत नाही आणि काही शे लेबलंही छापून मिळतात. पण पांढऱ्याचा प्रत्येक फेरा यंत्राचा वेळ खातो, आणि खर्च कमी करायला सांगितलं की कात्री सर्वांत आधी त्याच्यावरच चालते. संगणकाच्या पडद्यावर हे लक्षात येत नाही, कारण पडद्याची पार्श्वभूमी पांढरीच असते. लक्षात येतं ते बाटली दुकानाच्या काळोख्या फळीवर ठेवल्यावर.

चिकट थराच्या तक्रारीही कमी नाहीत. लेबल लावताना काच आणि फिल्म यांच्यामध्ये हवा राहिली की चंदेरी ठिपके दिसतात. कागदाखाली ते झाकले जातात. इथे तर ते झळकतात. खानदेशात एप्रिलात पारा चाळिशीपार जातो तेव्हा चिकट थर मऊ होऊन कडेने बाहेर येतो आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात थंड बाटलीवर दमटपणाचा पातळ पडदा धरतो आणि लेबल त्याच्यावरच बसतं. बर्फाच्या भांड्यात ठेवल्यावर काही चिकट थर दुधासारखे पांढरे होतात. त्यातून बाटली खांद्याकडे निमुळती होत गेलेली असेल, तर सपाट फिल्म त्या गोलाईवर सुरकुतल्याशिवाय बसतच नाही. लेबलाची आकृती बाटलीच्या सरळ भागाच्या आत राहायला हवी, आणि हे बाटली निवडतानाच ठरवायला हवं.

पण या कारागिरीपेक्षा मोठा प्रश्न विश्वासाचा आहे. पारदर्शक लेबल लावणारा उत्पादक गिऱ्हाइकाला न बोलता सांगत असतो, की बघ, माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही. मोहाच्या दारूच्या बाबतीत हे बोलणं फार मोहात पाडणारं आहे, कारण पिढ्यानपिढ्या तिच्याकडे संशयानेच पाहिलं गेलं. मात्र दारूत काय आहे हे डोळ्यांना कळत नाही. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली. त्या दारूतलं मिथेनॉल पाण्यासारखंच रंगहीन होतं. काचेच्या बाटलीत भरलं असतं तरी ते तितकंच स्वच्छ दिसलं असतं. दारू कोणी गाळली, कोणत्या परवान्याखाली, कोणत्या बॅचमध्ये, किती टक्के मद्यार्क आहे, हे फक्त छापलेल्या अक्षरांतून कळतं. भेसळीचा माग काढायचा तर तोही बॅच नंबरावरूनच काढता येतो. म्हणून ‘पारदर्शक’ बाटलीतली सर्वांत प्रामाणिक जागा ती, जिथे पांढऱ्या शाईने मागचं सगळं झाकलेलं आहे.

कायद्याने हे फार आधी ओळखलं आहे. २०११ च्या वैधमापन (आवेष्टित वस्तू) नियमांत लेबलावरचा मजकूर ठळक आणि वाचता येण्याजोगा हवा, आणि किंमत व प्रमाण यांचे आकडे पार्श्वभूमीपासून उठून दिसणाऱ्या रंगात हवेत, असं म्हटलं आहे. त्याच नियमांत आणखी एक छोटं कलम आहे: कोणतीही घोषणा बाटलीतल्या द्रवातून आरपार पाहून वाचावी लागेल अशी छापायची नाही. पारदर्शक लेबलाच्या आखणीकाराला हे कलम पाठ असायला हवं. मागच्या लेबलाच्या आतल्या बाजूला चित्र छापून ते दारूतून समोर दिसू द्यायचं, ही सध्याची लाडकी युक्ती आहे. चित्रासाठी ती सुंदरच आहे. गोल भरलेली बाटली भिंगासारखं काम करते आणि मागचं मोहाचं फूल जवळजवळ दुप्पट रुंद होऊन दिसतं. पण दारू निम्म्यावर आली की पातळीच्या वर फूल मूळ आकाराचं आणि खाली फुगलेलं दिसतं. चित्रात ही गंमत ठरते, बॅच नंबरात मात्र गोंधळ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे मद्याविषयीचे २०१८ चे नियम वैधानिक इशाऱ्याचं माप ठरवतात: २०० मिलिलिटरहून मोठ्या बाटलीवर किमान ३ मिलिमीटर उंचीची अक्षरं. उंची मोजपट्टीने मोजता येते. उठाव मोजायचा राहून जातो. नितळ फिल्मवर व्हाइट बेसशिवाय छापलेला ३ मिलिमीटरचा इशारा मापात बसतो, तरी वाचता येत नाही.

इथे आपल्या लिपीचा प्रश्न वेगळा उभा राहतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. पांढरा थर आणि वरचा रंग यांचं रजिस्टर, म्हणजे एकावर एक नेमकं बसणं, केसभर हललं तर अक्षराला पांढरी किनार सुटते. ती टाळण्यासाठी पांढरा थर अक्षरापेक्षा किंचित बारीक कापतात. रोमन अक्षरांना हे चालून जातं. देवनागरीत म, भ, न यांच्या गाठी, शिरोरेषेला टेकलेले बारीक दांडे, जोडाक्षरांतली चिंचोळी पोकळी आणि वरचा अनुस्वार यांतून ती बारीक पांढरी रेघ निघूनच जाते. उलट गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरं सोडली तर शाई पसरून गाठी भरतात आणि अक्षर ओळखेनासं होतं. उपाय कठीण नाही. बारीक मजकुरातल्या प्रत्येक अक्षरामागे वेगळा पांढरा थर कापू नये. सबंध मजकुराच्या चौकटीखाली एकच सलग पांढरा पट्टा द्यावा आणि त्यावर एकाच गडद शाईने, आतून मोकळ्या टंकात, छापावं. ‘एक टाइप’ या टंकनिर्मात्यांनी काढलेल्या ‘मुक्त’सारखे मोकळे टंक आज फुकट मिळतात. असा पट्टा दिला की ‘लेबलच नाही’ असा आभास मोडतो, अशी आखणीकारांची तक्रार असते. तो मोडू द्यावा. नाव, चित्र आणि सजावट काचेवर तरंगू देत. घोषणांना घट्ट जमीन हवी. गिऱ्हाइकाने प्रवेश करायचा तो याच चौकटीतून.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे: दारूचं लेबल सुधारण्याची चर्चाच कशाला? ज्या राज्यात बायका ‘आडव्या बाटली’ला मतं देऊन गावातलं दुकान बंद करतात, तिथे दारूला सुंदर कपडे चढवणं हा त्या लढ्याचा अपमान नाही का? या आक्षेपामागचं दुःख खरं आहे आणि गावाचा तो अधिकार अबाधित राहायला हवा. पण इथला मुद्दा दारू सजवण्याचा नाही. परवाना असलेल्या दारूवर इशारा आणि मद्यार्काचं प्रमाण दिसेनासं होणं आडवी बाटली मागणाऱ्या बाईलाही नको आहे. बिननावाच्या फुग्यातली दारू कोणाचीच नसते, आणि तिने कोणी मेलं तर जबाबदारही कोणी सापडत नाही. दुसरा आक्षेप बाटलीच्या पुनर्वापराचा. देशीच्या कागदी लेबलाची बाटली गरम कॉस्टिक पाण्यात धुऊन पुन्हा भरता येते. फिल्म तशी सहज सुटत नाही. हे खरंच आहे. धुताना सुटणारे चिकट थर मिळतात, पण महाग पडतात. ज्या उत्पादकाला बाटल्या परत फिरवायच्या आहेत, त्याने कागदच वापरावा. पिंपात मुरून रंग धरलेल्या दारूलाही कागदच बरा, कारण तपकिरी दारूसमोर गडद अक्षरं बुडतात. तिसरा आक्षेप खर्चाचा, आणि त्याचं उत्तर सर्वांत सोपं आहे: व्हाइट बेसचे पैसे परवडत नसतील तर पारदर्शक लेबल परवडत नाही. अर्धवट पारदर्शक लेबलापेक्षा साधा पांढरा कागद शंभर पटीने बरा.

राज्य उत्पादन शुल्क विभागाची मंजुरी घेतल्याशिवाय दारूचं लेबल बाजारात जाऊ शकत नाही, आणि एक छोटी सुधारणा इथे करता येण्यासारखी आहे. पारदर्शक लेबलाचा नमुना पांढऱ्या कागदावर छापून आणला तर तो नेहमीच छान दिसणार. नमुना भरलेल्या बाटलीवर लावून, एकदा उजेडासमोर आणि एकदा काळ्या पार्श्वभूमीवर धरून, हातभर अंतरावरून वाचून पाहावा. बाटली तासभर बर्फात ठेवावी, निम्मी रिकामी करावी, आणि पुन्हा वाचावी. मोहफुलं वेचणाऱ्या गटाने छापखान्याशी सौदा करतानाही हीच अट घालावी, आणि बाटली वाचायला गटातल्या वयस्क बाईच्या हातात द्यावी. तिला बॅच नंबर आणि टक्केवारी चष्म्याने वाचता आली, तर लेबल छापायला द्यायला हरकत नाही.