पोटाची गोष्ट (लेखांक ६) : रात्री साडेदहाचं जेवण

गेल्या आठवड्यात आपण अन्ननलिका आणि जठर यांच्या सांध्यावरचा स्नायूंचा वेढा पाहिला. घास खाली जाताना तो सैल होतो, मग आवळतो आणि जठरातलं आम्ल वर येऊ देत नाही. तो लेख वाचून मिरा रोडच्या एका वाचक ताईंनी विचारलं, "तिखट सोडलं, लोणचं सोडलं, वांगंसुद्धा सोडलं. तरी पहाटे घशाशी आंबट येतंच. आता काय सोडू?"

मी त्यांना उलट विचारलं, रात्री जेवता किती वाजता? उत्तर आलं : यजमान चर्चगेटहून पावणेदहाला घरी पोचतात, पानं साडेदहाला घेतली जातात, आणि सकाळचा गजर पाचचा म्हणून सव्वाअकराला दिवे बंद.

मिरा-भाईंदरमधल्या हजारो घरांची रात्र अशीच जाते. भरपेट जेवणानंतर जठर रिकामं व्हायला तीन-चार तास लागतात, तेलकट-तुपकट असेल तर आणखी जास्त. बसल्या-उभ्या माणसात आम्ल आपल्या वजनानं खाली राहतं. आडवं झालं की तो आधार जातो. त्यात पोट तट्ट भरलेलं असेल तर वेढ्यावर खालून दाब येतो. म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तासांचं अंतर ठेवायला सांगतात. ताईंच्या घरात ते अंतर पाऊण तासाचं होतं. मिरचीला दोष देऊन त्यांनी स्वतःला उगाच उपाशी ठेवलं होतं. ज्याला जे बाधतं त्यानं ते टाळावं, पण दुसऱ्याची यादी आपल्या ताटावर लादू नये.

गाडीची वेळ आपल्या हातात नाही, जेवणाची थोडीफार आहे. मी स्वतः चार वर्षं दोन डबे नेतो. दुसरा डबा संध्याकाळी साडेसहाला, ऑफिस सोडण्याआधी : दोन पोळ्या किंवा एक भाकरी, भाजी, जमलं तर उसळ. हेच माझं रात्रीचं जेवण. स्टेशनवरचा वडापाव त्याची जागा घेऊ शकत नाही. भूक भागते, पण तळणीमुळे पोट उशिरापर्यंत जड राहतं. घरी आल्यावर फक्त वाटीभर मुगाचं कढण किंवा मऊ वरणभात.

यावर आमच्या घरातून आलेला आक्षेप मला आजही रास्त वाटतो : दिवसातून एकदाच सगळे एकत्र बसतात, तेही मोडायचं का? मोडायचं नाही. पानावर बसायचंच, फक्त आपल्यापुढे ताटाऐवजी वाटी. मुलं आठ वाजता जेवली तरी बाबांबरोबर परत येऊन बसतात, हे मी पाहिलंय.

अंथरुणाचंही थोडं बघा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली पंधरा ते वीस सेंटिमीटरचे ठोकळे द्या. नुसत्या उशा रचल्या तर मान वर जाते, कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबलं जातं. जमिनीवर गादी घालणाऱ्यांनी कंबरेपासून वरच्या भागाखाली घड्या घातलेल्या गोधड्यांचा उतार करावा. डाव्या कुशीवर झोपलं की जठरातलं आम्ल वेढ्याच्या खालच्या पातळीवर राहतं. उजव्या कुशीवर नेमकं उलट होतं. पोटाचा घेर कमी झाला तर यातलं निम्मं दुखणं आपोआप हलकं होतं.

अल्सरची गोष्ट मात्र वेगळी. तिथे आम्ल वर येत नाही, आतल्या अस्तरालाच जखम झालेली असते. लहान आतड्याच्या तोंडाशी व्रण असेल तर बऱ्याचदा रिकाम्या पोटी, रात्री दोन-तीनला दुखून जाग येते आणि चार घास खाल्ले की बरं वाटतं.

इथे आपल्या रेल्वेतल्याच एका डॉक्टरांची आठवण काढायला हवी. डॉ. एस. एल. मल्होत्रा पश्चिम रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत होते. भारतभरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या नोंदी पाहताना त्यांना दिसलं की भात खाणाऱ्या दक्षिणेत अल्सर जास्त आणि गव्हाच्या रोट्या खाणाऱ्या उत्तरेत कमी. 1978 मध्ये त्यांनी मुंबईतल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. व्रण भरून आलेल्यांपैकी काहींना कोंड्यासकट गव्हाचा आहार आणि काहींना भाताचा आहार पाच वर्षं दिला. व्रण उलटण्याचं प्रमाण गव्हाच्या गटात 14 टक्के, भाताच्या गटात 81 टक्के. त्यांचा तर्क चावण्यावर होता. कोरडा घास जास्त चावावा लागतो, लाळ जास्त सुटते आणि ती आम्लाची धार बोथट करते. रुग्ण थोडे होते, त्यामुळे यावरून भाताला हद्दपार करू नका. पण कालवून घशाखाली लोटलेला भात आणि चावून खाल्लेली भाकरी पोटाला सारखी नसते, हे मला पटतं.

पण अल्सरचं मोठं कारण आहाराबाहेर निघालं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांना 1982 मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू वाढवता आला. 1984 मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. 2005 मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अल्सरची दोन मोठी कारणं म्हणजे हा जंतू आणि वेदनाशामक गोळ्या. जंतू पथ्यानं मरत नाही. त्यासाठी शौचाची, श्वासाची किंवा दुर्बिणीची तपासणी करून प्रतिजैविकांचा साधारण दोन आठवड्यांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागतो. भाईंदर पूर्वेच्या स्टील भांड्यांच्या कारखान्यांत दिवसभर उभं राहणारी माणसं पाठदुखीवर उपाशीपोटी गोळी गिळतात, तेव्हा माझा जीव कळवळतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी औषधं अस्तराचं संरक्षणच काढून घेतात. हृदयासाठी लिहून दिलेली ॲस्पिरिन मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

थंड दुधाबद्दल बरेच जण विचारतात. घटकाभर शांत वाटतं, पण दुधातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल सोडायला लावतात. झोपताना पेलाभर दूध हा उपाय नव्हे. विडी-सिगारेट सोडलीच पाहिजे, तिच्यामुळे व्रण भरायला वेळ लागतो. तंबाखू आणि मशेरीलाही घरात जागा नको.

काळी, डांबरासारखी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारणाशिवाय वजन उतरणं, यांपैकी काहीही दिसलं तर पथ्य करत बसू नका, डॉक्टर गाठा. रक्ताची उलटी किंवा काळी शौच असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. आणि छातीतल्या जळजळीबरोबर घाम फुटला, धाप लागली, कळ हातात किंवा जबड्यात गेली तर "गॅस झालाय" म्हणून सोडा पिऊ नका, त्याच क्षणी रुग्णालयाकडे निघा.

ताईंचा परवा निरोप आला. यजमान दुसरा डबा न्यायला तयार झालेत, पण साडेसहाला ऑफिसातले सगळे चहाला खाली जातात, एकट्यानं डबा उघडायला त्यांना संकोच वाटतो. मी त्यांना डब्यात एक पोळी जास्तीची द्यायला सांगितलं आहे, शेजारच्या सहकाऱ्यासाठी.

(पुढील आठवड्यात : पित्ताची गोळी जेवणाआधी अर्धा तास का?)