खांद्याचं हाड खचण्याआधी

खांदा दुखला की आधी मालीश होते, मग वेदनेची गोळी. पण कधी कधी दुखण्याचं मूळ हाडातच असतं. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्याला रक्त पुरेनासं होतं आणि तिथल्या पेशी मरू लागतात. स्टेरॉइडचे मोठे डोस, अति दारू, सिकलसेल ही नेहमीची कारणं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. संजय अगरवाला यांनी २०२१ मध्ये कोविडनंतर खुब्याचं हाड असं मरू लागलेल्या तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिघेही चाळिशीच्या आतले. खुब्याखालोखाल हा आजार खांद्यात दिसतो.

सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, दोष दिसतो एमआरआयमध्ये. हाडाचा गोलावा शाबूत आहे तोवरच ‘कोअर डीकम्प्रेशन’ खरं उपयोगी. पडद्यावर एक्स-रे पाहत ड्रिलने मेलेल्या भागापर्यंत बारीक बोगदा पाडतात. हाडातला दाब उतरतो, वेदना कमी होतात, नव्या रक्तवाहिन्यांना आत शिरायला वाट मिळते. गोलावा खचल्यावर मात्र बहुधा कृत्रिम सांध्याचाच विचार करावा लागतो.

म्हणून स्टेरॉइड घेतलेल्यांनी खांद्याचं रेंगाळलेलं दुखणं अंगावर काढू नये आणि डॉक्टरांना त्या औषधाबद्दल आवर्जून सांगावं.