चेहरा राजमातेचा, नाव देवतेचे

रोमन नाणी म्हटली की सम्राटांचे चेहरे आठवतात. परंतु त्यांच्या घरातील स्त्रियाही नाण्यांवर आल्या. सेस्टर्टियस, दुपोंडियस या मोठ्या नाण्यांवर तर त्यांना ऐसपैस जागा मिळाली. संग्राहक यांना सरसकट ब्राँझची नाणी म्हणतात. वास्तविक साम्राज्याच्या आरंभकाळी ती पितळेची असत. चार सेस्टर्टियस म्हणजे चांदीचा एक दिनार. तेव्हा हा रोजच्या बाजारहाटाचा पैसा. राजवाड्याला जे सांगायचे, ते त्यावरून सामान्यांच्या हाती पोचे.

मात्र तेथे स्त्री बहुधा देवतेच्या आडूनच येते. टायबेरियसच्या काळातील, इ.स. २२-२३ च्या एका दुपोंडियसवर स्त्रीचे मस्तक आहे आणि खाली ‘सालुस ऑगुस्टा’ अशी अक्षरे. सालुस ही आरोग्याची देवता. इ.स. २२ मध्ये सम्राटाची आई लिव्हिया मोठ्या दुखण्यातून उठली होती. म्हणून हा चेहरा तिचाच, असे अनेक अभ्यासक मानतात.

कॅलिगुलाने हा पडदा निम्मा दूर केला. इ.स. ३७-३८ च्या त्याच्या सेस्टर्टियसवर तिघी बहिणी उभ्या आहेत, आणि शेजारी चक्क त्यांची नावे! अग्रिपिना खांबाला टेकलेली, म्हणून ती सुरक्षिततेची देवता. ड्रुसिलाच्या हाती पूजेचे तबक, ती ऐक्याची. ज्युलियाच्या हाती सुकाणू, ती भाग्याची. तिघींजवळ फळांनी भरलेले समृद्धीचे शिंग. ऐक्य किती टिकले? इ.स. ३८ मध्ये ड्रुसिला वारली. पुढच्याच वर्षी कटाच्या आरोपावरून भावाने उरलेल्या दोघींना हद्दपार केले. सुरक्षितता आणि भाग्य, दोन्ही देशोधडीला!

मला याहून अस्वस्थ करते ते मार्कस ऑरेलियसची पत्नी धाकटी फाउस्टिना हिचे नाणे. तिच्या नाण्यांवर ‘फेकुंडिटास’, म्हणजे सुफलतेची देवता, मुले घेऊन उभी असते. इ.स. १६१ मध्ये तिला जुळे मुलगे झाले, तेव्हाच्या नाण्यावर सिंहासनावर दोन तान्ही बाळे आहेत आणि भोवती ‘युगाचे सुख’ या अर्थाचे शब्द. फाउस्टिनाला डझनाहून अधिक मुले झाली. त्यांतली निम्मी तरी लहानपणीच गेली. त्या शोकाला नाण्यावर जागा नव्हती. जुळ्यांतला एक चार वर्षांचा असताना गेला. दुसरा कॉमोडस, वडिलांमागे तो इ.स. १८० पासून एकटा सम्राट राहिला आणि १९२ मध्ये त्याचा खून झाला.