वर्गातला ‘कुंभकर्ण’ आळशी नसतो!

भूमितीच्या तासाला कुणी डुलक्या घेऊ लागला, की काय होतं? मागच्या बाकावर खसखस पिकते. ‘उठा, कुंभकर्ण महाराज!’ अशी हाक येते. सरांचा ओरडा बसतो तो वेगळाच. पण दोस्तांनो, रोजच, जेवता जेवता, लिहिता लिहिता ज्याचे डोळे मिटतात, तो खरंच आळशी असेल का?

कदाचित त्याला ‘नार्कोलेप्सी’ असेल. हे नाव १८८० साली झेलिनो या फ्रेंच डॉक्टरांनी दिलं. त्यांच्याकडे पिंपांचा एक व्यापारी आला होता. त्याला दिवसातून कितीतरी वेळा अचानक झोप येई आणि खूप हसू आलं, की त्याचे पाय लटपटत. पण असं का होतं, ते कळायला पुढे शंभराहून जास्त वर्षं लागली!

आपल्या मेंदूत ‘ओरेक्सिन’ नावाचं रसायन तयार होतं. आपल्याला जागं ठेवायचं काम त्याचं. त्याचा शोध १९९८ साली लागला. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात नार्कोलेप्सी असलेले डॉबरमन कुत्रे होते. आवडता खाऊ दिसला, की ते आनंदाने उड्या मारायचे आणि धपकन खाली पडायचे! त्यांच्या मेंदूतली ओरेक्सिन ओळखणारी यंत्रणाच बिघडलेली आहे, हे १९९९ मध्ये समजलं. माणसांत मात्र बहुतेक वेळा हे रसायन बनवणाऱ्या पेशीच नष्ट झालेल्या असतात. आता सांगा, यात त्या मुलाचा काय दोष?

आता काही गैरसमज पाहू.

‘रात्री जागतो, म्हणून दिवसा झोपतो.’ चूक! रात्री वेळेवर झोपला, तरी दिवसा त्याला झोप अनावर होते. शिवाय त्याची रात्रीची झोपही सारखी मोडते.

‘त्याला फिट येते.’ हसताना गुडघ्यांतला जोर जातो, मान कलते. पण तो शुद्धीवर असतो, सगळं ऐकत असतो. तेव्हा कांदा किंवा चप्पल हुंगवायला धावू नका. पडून लागणार नाही एवढं बघा. एक-दोन मिनिटांत तो सावरतो.

‘त्याला बाहेरचं काही लागलंय.’ मुळीच नाही. एरवी स्वप्नांची झोप तासा-दीड तासाने येते. त्याला ती काही मिनिटांतच येते. म्हणून अर्धवट जागेपणी चित्रविचित्र भास होतात, हातपाय हलत नाहीत.

‘तो ढ आहे.’ बुद्धीला काहीही झालेलं नसतं. ऐन तासाला डोळा लागला, तर धडा बुडणारच ना!

हा आजार बहुधा तुमच्याच वयात, दहा ते पंचवीसच्या दरम्यान सुरू होतो. तो समूळ बरा करणारं औषध अजून नाही. पण न्यूरॉलॉजिस्टने दिलेली औषधं, झोपेची ठरलेली वेळ आणि दुपारी पंधरा-वीस मिनिटांची डुलकी, एवढ्यावर शाळा, कॉलेज, नोकरी सगळं जमतं. एकट्याने पोहायला जाणं मात्र टाळावं.

अर्थात, रात्री बारापर्यंत मोबाईल बघून वर्गात पेंगणाऱ्यांनी ‘मला नार्कोलेप्सी आहे’ असं सांगू नये बरं का! पण एखादा मित्र रोजच असा झोपत असेल, तर त्याला चिडवू नका. त्याला हळूच उठवा, बुडालेल्या भागाची वही द्या आणि घरी सांगून डॉक्टरांकडे जायला सुचवा. नुसत्या चिडवण्याच्या भीतीने कितीतरी मुलं हे लपवून ठेवतात.