द्विकर्मक क्रियापदे : मराठीचा ‘ला’ आणि इंग्रजीतील शब्दांची जागा

महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत इ. स. २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाते. मुले वस्तूंची नावे व लहानसहान आज्ञा लवकर आत्मसात करतात. परंतु स्वतः वाक्य रचावयाची वेळ आली की, काही ठराविक चुका वर्गावर्गांतून आढळतात. ‘आय गेव्ह टु राम अ बुक’, ‘टेल टु मी अ स्टोरी’, ‘सर, एक्स्प्लेन मी धिस लेसन’ ही त्यांची परिचित उदाहरणे होत. या चुका निष्काळजीपणाच्या नव्हेत. मातृभाषेचा नियम मूल प्रामाणिकपणे परभाषेत नेते, त्यातून त्या उद्भवतात. म्हणून दोन्ही भाषांची रीत शिक्षकांनी प्रथम स्वतः स्पष्ट करून घेणे अगत्याचे आहे.

मराठीची रीत

‘शिक्षक मुलाला पुस्तक देतात’ या वाक्यात ‘पुस्तक’ हे प्रत्यक्ष कर्म व ‘मुलाला’ हे अप्रत्यक्ष कर्म होय. ‘पुस्तक शिक्षक मुलाला देतात’ असे म्हटले, तरी अर्थ ढळत नाही. कारण घेणारा कोण हे ‘ला’ या प्रत्ययाने बांधून ठेवलेले आहे.

परंतु हा एकच ‘ला’ अनेक कामे करतो, हे विसरता कामा नये. पुढील चार वाक्ये पाहावीत :

मी रामाला पाहिले. — ‘आय सॉ राम.’
मी रामाला आंबा दिला. — ‘आय गेव्ह राम अ मँगो.’
राम पुण्याला गेला. — ‘राम वेंट टु पुणे.’
रामाला आंबा आवडतो. — ‘राम लाइक्स मँगोज.’

मराठीत चारही ठिकाणी ‘ला’ आहे. इंग्रजीत मात्र ‘टु’ एकाच ठिकाणी आला. दुसऱ्या वाक्यात तो आणता येतो, पण त्यासाठी रचना बदलावी लागते. पहिल्या व चौथ्या वाक्यात तर त्याला मुळीच स्थान नाही. सबब ‘ला म्हणजे टु’ असे समीकरण फळ्यावर कधीही लिहू नये.

इंग्रजीची रीत

प्राचीन इंग्रजीतही नामांना विभक्तीचे प्रत्यय लागत असत. कालांतराने ते बहुतांशी झडून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या जागेने व ‘टु’सारख्या अव्ययांनी उचलले. म्हणून आजच्या इंग्रजीत दोन कर्मे मांडण्याच्या दोन रीती आहेत :

(१) आधी घेणारा, मग वस्तू — ‘द टीचर गिव्हज द बॉय अ बुक.’ येथे अव्यय नाही.
(२) आधी वस्तू, मग ‘टु’ आणि घेणारा — ‘द टीचर गिव्हज अ बुक टु द बॉय.’

घेणारा आधी आला की ‘टु’ गळतो. तो वस्तूनंतर गेला की ‘टु’ येतो. प्रारंभी दिलेल्या पहिल्या वाक्यात मुलाने या दोन रीतींची सरमिसळ केली आहे, एवढाच त्याचा दोष.

यांपैकी कोणती रीत केव्हा वापरावी? सामान्यतः ज्यावर भर द्यावयाचा किंवा जी गोष्ट नवीन सांगावयाची, ती शेवटी येते. ‘सीतेला काय दिलेस?’ याचे उत्तर ‘आय गेव्ह सीता अ पेन’. ‘पेन कोणाला दिलेस?’ याचे उत्तर ‘आय गेव्ह इट टु सीता’. वस्तूऐवजी ‘इट’ किंवा ‘देम’ असेल, तर दुसरीच रीत शिकवावी : ‘गिव्ह इट टु मी’.

क्रियापदांचे तीन गट

पहिला गट ‘टु’चा : गिव्ह, सेंड, शो, पास, लेंड, टेल, टीच. येथे वस्तू किंवा माहिती एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचते.

दुसरा गट ‘फॉर’चा : बाय, मेक, कुक, गेट, फाइंड. ‘फादर बॉट मी अ शर्ट’ हे वाक्य फिरविल्यास ‘फादर बॉट अ शर्ट फॉर मी’ असे होते. मराठीतही ‘बाबांनी मला सदरा घेतला’ व ‘बाबांनी माझ्यासाठी सदरा घेतला’ ही दोन्ही वाक्ये चालतात, हे मुलांच्या निदर्शनास आणावे. ओळखण्याची खूण सोपी आहे. घेणाऱ्यावाचून देणे संभवत नाही, म्हणून ‘टु’. दुसरे कोणी नसतानाही सदरा विकत घेता येतो, म्हणून ‘फॉर’.

तिसरा गट सर्वांत फसवा आहे : एक्स्प्लेन, से, सजेस्ट, डिस्क्राइब, रिपोर्ट. यांना पहिली रीत चालत नाही. ‘एक्स्प्लेन धिस लेसन टु मी’ असेच म्हणावे लागते. या गटातील बरीचशी क्रियापदे लॅटिन-फ्रेंच घराण्यातील आहेत. पण हा नियम नव्हे. ‘से’ मूळचे इंग्रजी असूनही येथे आहे, तर ‘प्रॉमिस’ लॅटिन कुळातील असूनही दोन्ही रीती स्वीकारते. म्हणून हा गट तर्काने नव्हे, सरावानेच पक्का होतो. ए. एस. हॉर्नबी यांनी १९५४ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात क्रियापदे वाक्यसाच्यांनुसार लावून दाखविली, ती याच दृष्टीने.

‘आस्क’ हे क्रियापद वेगळे शिकवावे. ‘आस्क हिम अ क्वेश्चन’ येथे ‘टु’ येत नाही.

वर्गातील कार्य

१. प्रारंभ व्याख्येने न करता वस्तूंनी करावा. खडू, पाटी, चिंचोके पुरेत. ‘गिव्ह सीता द चॉक’ असे म्हणावे व कृती करवून घ्यावी.

२. पाच मुलांच्या हाती ‘राम’, ‘गेव्ह’, ‘सीता’, ‘अ पेन’ व ‘टु’ हे शब्द इंग्रजीत लिहिलेल्या पाट्या द्याव्यात. चार मुले ओळीत उभी राहतील. ‘टु’ बाजूस थांबेल. ‘सीता’ व ‘अ पेन’ यांनी जागा बदलताच ‘टु’ धावत येऊन त्यांच्यामध्ये उभा राहील. जागा परत बदलली की तो निघून जाईल. मोठ्या मुलांकडे हा खेळ सोपविता येत असल्याने द्विशिक्षकी शाळेतही तो सहज जमतो.

३. एका आठवड्यात एकच गट घ्यावा. तिसरा गट पाचवीच्या आधी घेऊ नये. फक्त शिक्षकांनी स्वतः नेहमी शुद्ध वाक्य बोलावे.

४. मूल चुकल्यास त्याला मध्येच थांबवू नये. त्याचे बोलणे पूर्ण झाल्यावर शिक्षकांनी तेच वाक्य शुद्ध स्वरूपात सहज उच्चारावे. ‘टेल टु मी अ स्टोरी’ म्हणणाऱ्या मुलाला ‘यू वाँट मी टु टेल यू अ स्टोरी?’ असे विचारावे आणि गोष्ट सांगावी. खेड्यातील बहुतेक मुलांना इंग्रजी बोलण्याचे ठिकाण शाळेवाचून दुसरे नसते. तेथे ते हसण्यावारी गेले, तर त्याचे तोंड पुन्हा सहजासहजी उघडत नाही. अव्ययाची चूक मात्र पुढेही केव्हाही दुरुस्त करता येते.