शिष्यवृत्तीचा पैसा कोण देतो?

‘जी.ओ.आय.चा फॉर्म भरलास का?’ हा प्रश्न आपल्या महाविद्यालयात दरवर्षी शेकडो वेळा कानी पडतो. फॉर्म आता संगणकावर भरला जात असला, तरी जातीचा व उत्पन्नाचा दाखला घेऊन कार्यालयापुढे लागणारी रांग काही हटलेली नाही. मात्र हा पैसा येतो कुठून, याचा विचार आपण क्वचितच करतो.

जी.ओ.आय. म्हणजे भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी ही योजना १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना, सुरू झाली. दहावीनंतरच्या शिक्षणाची फी आणि थोडा निर्वाहभत्ता तिच्यातून मिळतो. माझ्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. ती चढता आली ती याच योजनेमुळे.

योजनेचे नाव ‘भारत सरकार’ असले, तरी सर्व खर्च भारत सरकार करीत नसे. पंचवार्षिक योजनेच्या अखेरच्या वर्षी जेवढा खर्च झाला, तेवढा भार पुढील योजनेत राज्याने दरवर्षी उचलावा आणि त्यावर वाढेल तो खर्च केंद्राने द्यावा, असा नियम होता. यालाच ‘बांधील दायित्व’ म्हणतात. समजा, अखेरच्या वर्षी एखाद्या राज्याचा खर्च १०० रुपये झाला आणि पुढील वर्षी तो ११० रुपयांवर गेला, तर केंद्राकडून मिळणार अवघे १० रुपये!

बारावी पंचवार्षिक योजना मार्च २०१७ मध्ये संपली आणि हे दायित्व एकदम वाढले. २०१७-१८ ते २०१९-२० या काळात केंद्राचे साहाय्य संपूर्ण देशासाठी वर्षाला सरासरी ११०० कोटी रुपयांच्या आसपास राहिले. शिष्यवृत्ती कागदावर तशीच होती, फक्त ती देणाऱ्याचा हात बदलला होता. ज्या राज्याची तिजोरी रिकामी, तेथील विद्यार्थ्याचे पैसे रखडले.

डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही पद्धत मोडीत काढली. २०२५-२६ पर्यंतच्या काळासाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद ठरली. त्यात केंद्राचा वाटा ६० टक्के, म्हणजे ३५,५३४ कोटी; उरलेला राज्यांचा. पैसा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा व्हावा, असेही ठरले.

हा बदल स्वागतार्हच आहे. पण त्यात एक मेख आहे. राज्याने आपला वाटा आधी द्यायचा. तो दिल्याची खात्री झाल्यावरच केंद्राचा वाटा निघतो. म्हणजे राज्याकडून एक महिना उशीर झाला, की केंद्राचा पैसाही तेवढाच मागे पडतो. महाविद्यालय मात्र फी मागतच असते. नियमानुसार पात्र विद्यार्थ्याला ‘फ्रीशिप कार्डा’वर आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावयास हवा. तरीही माझ्या गावच्या एका मुलाला दुसऱ्या एका महाविद्यालयात ‘आधी पैसे भर, शिष्यवृत्ती आली की परत घे’ असे सांगण्यात आले. आधी भरायला पैसे असते, तर शिष्यवृत्ती कशाला लागली असती?

२०२१ च्या नियमांनुसार घरून ये-जा करणाऱ्या बी.ए.च्या विद्यार्थ्याचा निर्वाहभत्ता वर्षाला ३००० रुपये, म्हणजे महिन्याला २५० रुपये ठरला. एवढ्या रकमेत एस.टी.चा पास आणि थोड्या वह्या निघाल्या तरी पुष्कळ. तोही परीक्षा उरकल्यावर हाती आला, तर वर्षभराचा प्रवास उसनवारीवरच करावा लागतो.

म्हणून केवळ आकडे वाढल्याची बातमी वाचून आपण समाधान मानू नये. पैसा किती, याबरोबरच तो केव्हा मिळतो, हेही विचारले पाहिजे. आपण फॉर्म वेळेवर भरावा, बँक खाते आधारशी जोडून ठेवावे. महाविद्यालयाने फीसाठी कोणाचे प्रवेशपत्र वा निकाल अडवू नये. आणि शासनाने आपला वाटा सत्र चालू असतानाच द्यावा. शेतात पेरणी उलटून गेल्यावर आलेल्या पावसाचे जे होते, तेच उशिरा आलेल्या शिष्यवृत्तीचे होते.

— द्वितीय वर्ष, कला शाखा